ब्लॉगवरून काढून टाकलेला पाचवा लेख

बिबवेवाडीत पिठाच्या गिरणीच्या वर माझं ऑफिस आहे. एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि फायलींचं कपाट. गिरणी सुरू झाली की फरशी बारीकशी थरथरते आणि पहिल्यांदा आलेला माणूस खुर्चीचे हात धरतो. जुनी माणसं धरत नाहीत. लोकांनी आपले पैसे कुठे ठेवावेत, आणि मुख्य म्हणजे कुठे ठेवू नयेत, हे सांगायचं काम मी इथे अकरा वर्षं करते आहे. त्याआधी बँकेत होते.

ब्लॉग लिहायची कल्पना माझी नव्हती. माझ्या नणंदेची मुलगी खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नोकरी लागली तेव्हा पहिले आठ महिने ती आमच्याकडेच राहिली आणि राहण्याचा मोबदला म्हणून की काय, तिने मला एक वेबसाइट करून दिली. वेबसाइटवर माझा फोटो, पत्ता आणि ऑफिसची वेळ एवढंच होतं. काही दिवसांनी तिलाच ते बघवेना.

"मामी, हे नुसतं व्हिजिटिंग कार्ड आहे गं," ती म्हणाली. "ब्लॉग लिही. आठवड्याला एक लेख. लोक काहीतरी सर्च करणार, त्यात तू दिसायला पाहिजेस."

मी दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर 'विषय' असं लिहून खाली रेघ मारली आणि बसून राहिले. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत मी पैशांबद्दल बोलत असते. अकरा वर्षं बोलते आहे. पण त्या रेघेखाली लिहायला मला एक विषय सुचेना. शेवटी परीक्षेसाठी ज्या पुस्तकातून अभ्यास केला होता ते काढलं आणि त्यातल्या धड्यांची नावं उतरवली. भाचीने लॅपटॉपवरून दुसरी यादी आणली. लोक काय शोधतात ते त्यात होतं. 'निवृत्तीच्या नियोजनातील पाच चुका', 'कर वाचवण्याचे पाच मार्ग', असं सगळं पाच-पाचाचं. पाचच का, असं मी विचारलं.

"सात पण चालतं," ती म्हणाली.

असे चार लेख लिहिले. चक्रवाढ व्याज, एसआयपी, अडीअडचणीसाठी ठेवायचे पैसे आणि मुदतीचा विमा. प्रत्येक लेखाला तीन-तीन संध्याकाळी घातल्या. पहिला लेख यजमानांनी जेवणाच्या टेबलावर चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला, मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, "चांगलं आहे. कुठून घेतलंस?"

दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. एक ओळही कुठून घेतलेली नव्हती. पण राग त्याचा नव्हता. प्रश्न बरोबर होता, याचा होता.

भाचीच्या सांगण्यावरून मी सगळ्या क्लायंटना लेखांची लिंक पाठवली. अंगठे आले, जोडलेले हात आले. एका गृहस्थांनी न उघडताच मला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. वाक्य लिहून उत्तर आलं ते एकच: "चारही वाचले. बँकेत भिंतीवर लावतात तसे आहेत. तुम्ही बोलता ते बरं असतं."

हे उत्तर ज्यांचं होतं त्यांना आमच्या भागात सगळे ताई म्हणतात, मीही म्हणते. इथे त्यांच्याबद्दल लिहिण्याआधी मी त्यांना विचारलं आहे. नाव घालायचं नाही, आणि 'बिचारी' हा शब्द कुठेही वापरायचा नाही, या दोन अटींवर त्यांनी होकार दिला. ताई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसायला लागल्या तेव्हा विशीत होत्या. निवृत्त झाल्या तेव्हा बोर्ड कधीच भंगारात गेले होते आणि त्या बिलांच्या खिडकीवर बसत होत्या. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, भावाचं शिक्षण झालं, मग आई सहा वर्षं अंथरुणाला होती. आता बिबवेवाडीतच एका खोली-स्वयंपाकघराच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. भावाचा मुलगा हिंजवडीला नोकरी करतो. दर रविवारी तो बायकोला घेऊन येतो, दिवे-नळ बघतो, औषधं आणून देतो. ताई दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझ्याकडे येतात, कारण त्यांच्या फंडांचा हिशेब मोबाइलवर दिसतो यावर त्यांचा विश्वास नाही. मी आकडे वाचून दाखवते, त्या डोळे मिटून ऐकतात आणि चुकले की थांबवतात.

'तुम्ही बोलता ते बरं असतं' हे वाक्य मला लागलं, पण त्याने एक झालं. मी पुस्तक बंद करून समोरच्या खुर्चीकडे बघायला लागले. कोण काय विचारतं, कुठे अडतं, कोणता प्रश्न विचारायच्या आधी उगाच घसा खाकरतं, हे वहीत टिपायला लागले.

एका शनिवारी एक जोडपं फॉर्म भरत होतं. नवरा भराभर लिहीत होता. नाव, पत्ता, खातं क्रमांक. मग 'नॉमिनी' हा रकाना आला, म्हणजे आपल्यानंतर पैसे कुणाच्या हाती द्यायचे त्याचं नाव, आणि त्याचं पेन थांबलं. त्याने बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. अर्धं मिनिट कुणी बोललं नाही, आणि माझ्या लक्षात आलं की या अर्ध्या मिनिटात मी अकरा वर्षं कॉम्प्युटरकडे तोंड करून काहीतरी काम असल्यासारखं दाखवत आले आहे. प्रत्येक जण त्या रकान्यापाशी थांबतो. ज्याला एकच मूल आहे तोसुद्धा थांबतो.

मला विषय मिळाला होता. पुढच्या गुरुवारी वीज गेली होती, गिरणी बंद होती आणि मी दुपारभर पेन्सिलने लिहीत बसले. एका बैठकीत लेख झाला. त्यात तीन माणसं होती. एक हे जोडपं. दुसरा एक मध्यमवयीन माणूस, ज्याने तरुणपणी आईचं नाव घातलं होतं आणि आई जाऊन चार वर्षं झाली तरी ते खोडायला त्याचा हात होत नव्हता. आणि तिसऱ्या ताई.

ताई तीन वर्षं तो रकाना कोरा ठेवत होत्या. मी दर वेळी आठवण करायची, त्या दर वेळी "पुढच्या महिन्यात" म्हणायच्या. एकदा मात्र त्यांनी कारण सांगितलं होतं. भाच्याचं नाव घालायचं हे सगळ्यांनी धरलेलं होतं. त्यांच्या मनात मात्र एक मैत्रीण होती. बोर्डावर शेजारच्या खुर्चीवर बसायची ती. ताईंची आई अंथरुणाला असताना या मैत्रिणीने सहा वर्षं त्यांच्या रात्रपाळ्या स्वतःकडे घेतल्या होत्या, आणि त्यातली एकही कधी बोलून दाखवली नव्हती. तिला काहीतरी द्यावं असं ताईंना वाटत होतं. पण भाचा इतकं करतो, त्याला काय वाटेल, म्हणून त्या काहीच लिहीत नव्हत्या. हे सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हाला सांगितलं."

लेखात मी त्यांना निवृत्त नर्स केलं. एक्स्चेंजचं हॉस्पिटल केलं, बोर्डाचा वॉर्ड केला, एका भाच्याचे दोन केले. माझ्या मते एवढा बदल पुष्कळ होता. शेवटी दोन परिच्छेदांत सल्ला दिला: रकाना कोरा ठेवू नका, नॉमिनी म्हणजे ज्याच्या हाती पैसे सोपवले जातात तो, मालकी कुणाची हे मृत्युपत्राने ठरतं, म्हणून दोन्ही करा.

हा पाचवा लेख लोकांनी वाचला. सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरला. सिंहगड रोडवरून एका अनोळखी बाईंचा फोन आला आणि मग दोन दिवसांत आणखी तिघांचे आले. भाचीने ऑफिसातून फोन करून किती जणांनी उघडला ते दर तासाला सांगितलं. यजमानांनी वाचला आणि कुठून घेतलास असं विचारलं नाही. त्या संध्याकाळी मी घरी जाताना अर्धा किलो आंबा बर्फी नेली.

सोमवारी सकाळी ताई आल्या. महिन्याचा पहिला आठवडा नव्हता. गिरणी चालू होती. त्या खुर्चीवर बसल्या, कापडी पिशवीतून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. भाच्याने माझाच लेख त्यांना पाठवला होता. वर लिहिलं होतं, 'आत्या, हे वाच, छान लिहिलंय.'

"मी नर्स कधी झाले?" ताईंनी विचारलं.

मी सांगायला लागले की सगळं बदललं आहे, कुणाला ओळखू येणार नाही, बघा, खुद्द भाच्यालाही आलं नाही.

"त्याला नाही आलं," त्या म्हणाल्या. "मला आलं ना."

त्या चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नेहमीच्याच आवाजात, शांतपणे, बोर्डावरच्या कामाबद्दल सांगत राहिल्या. माणसं फोनवर काय काय बोलायची. लग्न मोडल्याचं कळवायची, मूल झाल्याचं कळवायची, गावाकडे म्हातारं गेल्याचं कळवायची. लाईन लागली की आवाज येतोय एवढं तपासायचं आणि आपली कळ वर करायची, म्हणजे आपलं ऐकणं बंद. तरी कानावर पडायचंच. पडलं तर ते तिथेच खुर्चीवर ठेवून उठायचं. त्या आणि त्यांची मैत्रीण बसने एकत्र घरी जायच्या, पण काय ऐकलं ते एकमेकींनाही सांगायच्या नाहीत.

"मी तुम्हाला सांगितलं तेव्हा लाईन जोडली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही कळ वर केलीच नाहीत."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेल्या. खालून ज्वारीच्या पिठाचा वास येत होता.

संध्याकाळी भाचीला लेख काढून टाकायला सांगितलं. तिला पटेना. "मामी, अगं आत्ताच तर ट्रॅफिक यायला लागलंय."

"ट्रॅफिक हिंजवडीला पण येतं," यजमान पेपरामागून म्हणाले. "तिथे कुणी बर्फी वाटत नाही."

लेख निघाला. त्या जोडप्याला आणि आईचं नाव न खोडणाऱ्या माणसालाही मी फोन करून खरं काय ते सांगितलं. जोडप्याने लेख वाचलाच नव्हता. दुसऱ्या माणसाने वाचला होता. तो म्हणाला, मला बरं वाटलं, मी एकटाच नाही हे कळलं. म्हणजे त्याला आधार झाला आणि ताईंना त्रास झाला, लेख तोच. ते गणित मला सुटलं नाही, अजूनही पूर्ण सुटलेलं नाही.

पुढचे दोन महिने मी काही लिहिलं नाही. वही कपाटात ठेवून दिली. ताई ठरल्याप्रमाणे पहिल्या आठवड्यात आल्या, आकडे ऐकले, एक चूक काढली, गेल्या. लेखाचं नाव निघालं नाही. तिसऱ्या वेळी मात्र उठता उठता त्यांनी विचारलं, "लेख बंद का?"

मी म्हटलं, कशावर लिहू? पुस्तकातलं लिहिलं तर भिंतीवर लावल्यासारखं होतं. आणि बाकी जे माझ्याकडे आहे ते सगळं या खुर्चीवर बसलेल्या माणसांचं आहे.

त्या पुन्हा बसल्या. पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळत त्यांनी थोडा विचार केला.

"प्रश्न लिहा की," त्या म्हणाल्या. "नॉमिनी कोण करायचा, हा प्रश्न सगळ्यांचा आहे. तिथे अडले होते ती मी. मला वगळा, प्रश्न घ्या. आणि माणूस घ्यायचाच असेल तर त्याला विचारा. आम्हीसुद्धा विचारायचो. तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवू का?"

तेव्हापासून मी विचारते. सुरुवातीला फार अवघड गेलं. खालच्या गिरणीवाल्यांनी मला मोटारीच्या विम्याबद्दल विचारलं होतं. म्हणजे चारचाकीच्या नव्हे, गिरणीच्या मोटारीच्या. त्यावर लिहू का म्हटल्यावर ते म्हणाले, "लिहा की. फोटो पण घाला, फक्त बोर्ड दिसला पाहिजे." एका बाईंचा प्रश्न सोन्याचा होता, नेमका काय ते इथेही सांगत नाही. फार छान विषय होता. त्यांनी हात जोडले, "नको हो. आमच्या सासूबाई सगळं वाचतात." मी त्यांच्यासमोर वहीतली ती ओळ खोडली. वहीतल्या जवळजवळ निम्म्या विषयांवर अशी काट पडली. उरलेले मात्र माझे होते, म्हणजे देणाऱ्याने हाताने दिलेले होते, आणि त्यांच्यावर लिहायला बसलं की तीन संध्याकाळी लागत नव्हत्या.

लेख झाला की ब्लॉगवर टाकण्याआधी मी तो ताईंना फोनवर वाचून दाखवायला लागले. हे त्यांनीच सुचवलं. वाचायला त्यांना कंटाळा येतो, डोळ्यांना ताण पडतो. ऐकायला कंटाळा येत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला मी फोन लावायची, पलीकडून "हं, बोला" असं यायचं आणि मग लेख संपेपर्यंत श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. मला वाटायचं लाईन तुटली. मग मध्येच त्या म्हणायच्या, "इथे आवाज बदलला."

आणि तो बदललेला असायचा. 'गुंतवणूकदारांनी लक्षात घ्यावे की' असं मी वाचत असायची. मी आयुष्यात कधी कुणाला तोंडाने असं म्हटलेलं नाही. एकदा अख्खा लेख ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आवाज नीट आहे, पण तुम्हाला यातलं काही विचारायला कुणी आलेलं नाही." ते खरं होतं. तो विषय भाचीच्या यादीतला होता, पाच चुकांचा. मी तो ब्लॉगवर टाकला नाही. भाचीला सांगितलं तेव्हा ती हसली आणि म्हणाली, तुझा एडिटर माझ्या मॅनेजरपेक्षा कडक आहे. एकदा रविवारी ती मुद्दाम ताईंना भेटायला गेली आणि त्यांच्याकडून थालीपीठ खाऊन आली.

नॉमिनीवरचा लेख मी दुसऱ्यांदा लिहिला. त्यात माणूस एकच होता, आईचं नाव न खोडणारा, आणि त्याची परवानगी होती. पहिल्याइतका तो कुणी वाचला नाही. ताईंनी ऐकला आणि पुढच्या रविवारी त्यांनी भाच्याला समोर बसवून मैत्रिणीबद्दल सांगितलं. मला हे नंतर कळलं. भाचा "बरं" म्हणाला आणि नळाचा वायसर बदलायला उठला. निघताना दारात म्हणाला, "आत्या, मी तसं काही धरलं नव्हतं." त्याच्या बायकोने बहुधा धरलं होतं. ती पुढचे दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, आणि येताना ताईंना आवडतात म्हणून ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन आली.

मैत्रीण आता साताऱ्याला मुलाकडे असतात. लग्नकार्यासाठी त्या पुण्यात आल्या तेव्हा ताई त्यांना घेऊन माझ्याकडे आल्या. कशासाठी, ते त्यांना सांगितलेलं नव्हतं. 'माझं एक काम आहे, तुझं आधार कार्ड घेऊन चल' एवढंच. मैत्रीण बुटक्या, गोऱ्या, सतत बोलणाऱ्या. गिरणी सुरू झाली तेव्हा त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि ताईंनी त्यांचा हात धरला. मी फॉर्म पुढे ठेवला. ताईंनी पेन घेतलं, नॉमिनीच्या रकान्यात मैत्रिणीचं नाव लिहिलं आणि नात्याच्या जागी 'मैत्रीण' असं लिहिलं. मैत्रिणीने ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "हे कशाला गं ताई? मला काय करायचंय?" ताई म्हणाल्या, "रात्रपाळीचे."

मला कार्डाचा क्रमांक हवा होता. ताईंनी कार्ड हातात घेतलं आणि सवयीने आकडे जोड्याजोड्यांनी सांगितले. मग त्या एकदम थांबल्या. कार्ड डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

"तू माझ्याहून मोठी आहेस?"

मैत्रिणीने कार्ड ओढून घ्यायचा प्रयत्न केला. सव्वा वर्षाने मोठ्या निघाल्या. पहिल्या दिवशी बोर्डावर ताई त्यांना शिकवायला होत्या, म्हणून त्यांनी ताई म्हटलं, मग ते तसंच राहिलं, आणि नंतर सांगायला लाज वाटली. इतकी वर्षं पाळ्या, बसचे प्रवास, आजारपणं, सगळं मोठीने धाकटीला ताई म्हणण्यात गेलं. ताई हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि त्या म्हणाल्या, आता तरी मला नावाने हाक मार. मैत्रीण म्हणाल्या, जमायचं नाही.

जिना उतरताना मैत्रीण अर्ध्यातून परत वर आल्या. ताई खाली गिरणीपाशी थांबल्या होत्या. मैत्रिणीने आवाज हळू करून मला विचारलं की राहतं घर आपल्या हयातीत मुलाच्या नावावर करावं की करू नये. साताऱ्यात सगळ्याजणी करतात, आणि मग पस्तावत बसतात. मी त्यांना माझ्या परीने सांगितलं, पाच-सात मिनिटं सांगितलं, आणि मग विचारलं, या प्रश्नावर मी लेख लिहिला तर चालेल का.

त्यांनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून विचार केला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण वय घालू नका."